आधी गाव, मग पोतं

मला राग लवकर येतो. घरात, ऑफिसात, बसस्टँडवर, कुठंही. हटवारबाबूंना राग येतच नसे. दहा-बारा वर्षं एकाच ऑफिसात आम्ही समोरासमोर काढली आणि त्या काळात मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर त्यांच्या या न येणाऱ्या रागाचा.

अड्याळला आमची धानाच्या बियाण्याची सहकारी संस्था होती. आसपासच्या गावांतल्या निवडक शेतकऱ्यांकडून धान घ्यायचा, वाळवायचा, पाखडायचा, पोत्यांत भरायचा आणि रोहिणी नक्षत्राच्या सुमारास बियाणं म्हणून गावोगाव वाटायचा, एवढंच काम. सत्त्याहत्तर साली मी तिथं टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा हटवारबाबू गोदाम सांभाळत. मूळचे ते आंबागडचे. किल्ल्याच्या पायथ्याशी चार-पाच एकर जमीन, बायको-मुलं तिकडंच. हे इथं भाड्याच्या खोलीत राहत, शनिवारी दुपारची एसटी धरून घरी जात आणि सोमवारी परत येत. ती शनिवारची गाडी त्यांनी कधी चुकवली नाही. एरवी जगाची कसली घाई नसलेला हा माणूस शनिवारी बारा वाजले की भिंतीवरच्या घड्याळाकडं चोरून बघायला लागे.

उंच, जरा वाकलेले, पायात टायरच्या चपला. शर्टाच्या खिशात इतर बाबू लोक पेन ठेवत, हे धान ठेवत. कुणी बैलगाडी घेऊन आला की पोत्यात हात घालून दोन दाणे काढायचे, दाताखाली धरायचे, मान एका बाजूला कलती करायची आणि ऐकायचं. हो, ऐकायचंच. दाणा मोडताना कसा आवाज करतो त्यावरून ते धानाची जात सांगत, ओल सांगत, आणि लहर असली तर तो कुठल्या बांधीतला, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या कुठल्या तुकड्यातला, तेही सांगत.

"हलका धान कट् म्हणून मोडते," ते मला समजावत. "भारी पहिले दबते, मंग तुटते. हलका म्हणजे तरणा पोरगा, लवकर तोडून बोलते. भारी विचार करते."

मला हे सगळं ढोंग वाटे. म्हणून एकदा मी नमुन्याच्या दोन पुड्यांवरच्या चिठ्ठ्या मुद्दाम बदलून ठेवल्या. दोन्ही बारीक दाण्याचे धान, बघून ओळखू न येणारे. हटवारबाबूंनी एका पुडीतला दाणा चावला, दुसऱ्या पुडीतला चावला, चिठ्ठ्या काढून जागच्या जागी लावल्या आणि म्हणाले, "बाई, चिठ्ठीच्या घडीवर शाईचं बोट आहे. कार्बनपेपर हाताळून आल्यावर हात धुवत जा." एवढंच. ना ओरडले, ना कुणाला सांगितलं. मी आठ दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही.

आता हलका आणि भारी यात एवढं काय, असं धान न पिकवणाऱ्याला वाटेल. हलका लवकर पिकतो, तो उंचावरच्या बरड बांधीत टाकायचा. भारीला वेळ लागतो, त्याला खोलगट, पाणी धरणारी बांधी लागते. उलट झालं तर भारी धान उंचावर लोंबीत दाणा भरायच्या आत वाळतो, आणि हलका खोलात पिकून पाण्यातच लोळतो. शेतकऱ्याचं वर्ष गेलं. आणि हे कळतं कधी? दिवाळीच्या आसपास. तोवर बियाणं देणारा नामानिराळा.

म्हणून गोदामात एक रीत होती. पोत्यांची तोंडं शिवायला कौतिका नावाची बाई होती. काळीसावळी, ठसठशीत, गुडाखूची तंबाखू घासून दात काळे झालेले. हाताला काम आणि तोंडाला धान, अशी तिची सवय. शिवता शिवता दाणे फोडत बसे. हलक्या धानाच्या पोत्याला ती सुतळीची गाठ डाव्या कानाशी मारी, भारीला उजव्या कानाशी, मध्यमला मधोमध. अंधाऱ्या गोदामात हमाल नुसता हात फिरवून पोतं ओळखत. वर रजिस्टर होतंच.

चौऱ्याऐंशी साली संस्थेत कॉम्प्युटर आला आणि हे सगळं बदललं.

खरं तर तो शिकायचं माझ्या वाट्याला आलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्हाला टायपिंग येतं, तुम्हीच बसा." मी साफ नाही म्हटलं. जे यंत्र माझा टाइपरायटर खाणार, त्याला मीच घास भरवू? मग हटवारबाबूंना बसवलं. मॅट्रिक झालेला, पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस. सगळ्यांना वाटलं, महिनाभरात परत गोदामात जाईल.

ते गेले नाहीत. आख्ख्या ऑफिसातला एकुलता एक कूलर त्या खोलीत लागला, त्याचा मला वेगळाच राग. हटवारबाबू चपला बाहेर काढून आत जात. यंत्रावर बायकोनं शिवलेली छोटी वाकळ पांघरत. फ्लॉप्यांच्या पत्र्याच्या डब्यात कडुलिंबाचा पाला ठेवत, कारण बियाण्यात पाला ठेवला की कीड लागत नाही. मी म्हटलं, "अहो, फ्लॉपीला कीड लागत नसते." तर म्हणाले, "लागली नाही म्हणजे पाल्यानं काम केलं."

यंत्र संथ होतं. एक पोतं शोधायला सांगितलं की घरघर करत राही. दारात शेतकरी खोळंबलेला, मी चिडलेली, आणि हे खुर्चीत हात जोडून बसलेले. "दम धरा बाई, तो विचार करून राहिला." हे वाक्य मी दिवसातून दहादा ऐकलं असेल. शेवटी शेवटी शेतकरीही एकमेकांना ते सांगू लागले.

त्यांची एक वही होती. यंत्राला काय सांगायचं ते सगळं देवनागरीत, आपल्या भाषेत लिहिलेलं. त्यातलं एक पान मला पाठ आहे, कारण पुढचं सगळं त्या पानावरून घडलं. एका फ्लॉपीवरचं दुसरीवर उतरवायचं असेल तर त्या पहिल्या यंत्राची रीत अशी होती: आधी कुठं न्यायचं ते लिहायचं, मग कुठून उचलायचं ते. मला हे उफराटं वाटे. हटवारबाबूंना नाही. वहीत त्यांनी लिहिलं होतं, 'आधी गाव, मग पोतं.'

"गाडीवानाले पहिले गावच सांगा लागते ना," ते म्हणत. "गाव नाही सांगतलं तं तो पोते भरून कुठी जाईन?"

दर शनिवारी, गाडीला निघायच्या आधी, ते सगळ्या नोंदींची आख्खी फ्लॉपी दुसरीवर उतरवून घेत. आधी गाव, मग पोतं. चार वर्षांत एक शनिवार चुकला नाही.

त्या यंत्रावर माणसाचा जीव जडला आणि तिथंच त्यानं एक चूक केली. वार्षिक सभेत शेतकऱ्यांपुढं उभं राहून हटवारबाबू म्हणाले, "आता पोत्यावर निस्ता नंबर राहीन. रजिस्टर नाही, गाठीची भानगड नाही. नंबर सांगा, धान सांगतो. चूक झाली तं मले धरा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. हटवारनं सांगितलं म्हणजे झालंच.

कौतिकाला तेवढं पटलं नाही. "गाठ मारली तं काय बिघडते, बाबू? मले का जास्तीची सुतळी लागते?"

"सगळे पोते एकसारखे दिसले पाह्यजे, कौतिका. आता मशीन ओळखते."

"मशीन का गोदामात येते?"

ते हसले. तिनं गाठी मारायचं सोडलं. पुढं दोन वर्षांत हटवारबाबूंचे दात हलायला लागले, तेव्हा भंडाऱ्याला जाऊन त्यांनी सगळे काढून घेतले आणि कवळी बसवली. मी विचारलं, "आता धान कसा ओळखाल?" तर म्हणाले, "आता कायले ओळखाचा? मशीन आहे ना."

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात अध्यक्षांना नव्या यंत्राची हौस आली. जुनं चांगलं चालत होतं. पण भंडाऱ्यातल्या कुठल्या तरी संस्थेनं नवं घेतलं होतं, आणि आमची सभा तोंडावर आली होती. नागपूरहून कंपनीचा इंजिनिअर जीप घेऊन आला. तरणाताठा, हातात ब्रीफकेस. आल्या आल्या चपला काढायला सांगितल्या तर हसला.

"ऑपरेटिंग सिस्टीम नवी आहे," तो म्हणाला. "बाकी काही बदल नाही. सेम टु सेम. उलट सोपी आहे."

या 'सेम टु सेम'वर माझा आजही विश्वास नाही. जो माणूस नवी वस्तू विकताना काही बदललं नाही म्हणतो, त्याला एक तर ती वस्तू माहीत नसते किंवा तुम्ही माहीत नसता. त्यानं दोन्ही यंत्रं तारेनं जोडून जुन्यातलं सगळं नव्या फ्लॉपीवर उतरवलं. एका फ्लॉपीवर. नव्या यंत्राला जुन्या फ्लॉप्या वाचता येत नव्हत्या, म्हणून त्या डब्यासकट, पाल्यासकट त्यानं जुन्या यंत्राबरोबर जीपमध्ये टाकल्या. बदलीच्या सौद्यात जुनं यंत्र कंपनीला जाणार होतं. जीप वळेपर्यंत हटवारबाबू दारात उभे होते. वाकळ तेवढी त्यांच्या हातात राहिली.

पुढचे आठ दिवस मी त्यांना पहिल्यांदा गोंधळलेलं बघितलं. यंत्र रोज सकाळी आधी तारीख विचारी, मग वेळ. "रोज कायले विचारते? काल सांगतली होती ना." जुन्या यंत्राला जे शब्द कळत ते याला कळत नसत. काहीही लिहिलं की इंग्रजीत एकच नकार देई. ज्या कामाला पूर्वी एक बटण, त्याला आता चार प्रश्न. खात्री आहे का? नक्की का? कुठलंही बटण दाबा. "कुठलंही म्हणजे कोणतं?" हटवारबाबू बोट हवेत धरून बसत. नवा प्रिंटर आला होता, पण तो या यंत्राशी बोलायला तयार नव्हता. कागदावर नुसते चौकोन उमटत. नागपूरला फोन लावावा तर तासभर ट्रंक कॉलची वाट, आणि लागला की तिकडून, "साहेब साइटवर आहेत." कूलर चालू असून माझ्या अंगाची लाही होई. हटवारबाबू वही उघडत, जुनं वाक्य खोडत, नवं लिहीत, पुन्हा खोडत. चार वर्षांत कमावलेलं एकेक अक्षर त्यांना आपल्या हातानं पुसावं लागत होतं. आणि वर म्हणत काय, तर "दम धरा बाई. नवा आहे. आपल्याले ओळखून राहिला."

शनिवार आला. दुपारचे बारा. पिशवी भरून टेबलाखाली ठेवलेली. नोंदींची एकच फ्लॉपी आहे ही गोष्ट त्यांना आठवडाभर टोचत होती. जोडीला दुसरी केल्याशिवाय ते गाडीत बसले नसते. भरलेली फ्लॉपी वरच्या खाचेत घातली, कोरी खालच्या. आणि बोटांनी चार वर्षांच्या सवयीनं लिहिलं: आधी खालची, मग वरची. आधी गाव, मग पोतं.

यंत्रानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. हे यंत्र सतत काहीतरी विचारतच होतं. त्यांनी कुठलंही बटण दाबलं. लाल दिवा लागला, घरघर सुरू झाली.

"दम धरा बाई," ते म्हणाले.

नव्या सिस्टीममध्ये आधी पोतं सांगायचं होतं, मग गाव. यंत्रानं कोरी फ्लॉपी उचलली आणि भरलेलीवर आणून ओतली. साडेसहाशे पोत्यांच्या नोंदी गेल्या. चांगल्या पुसल्या गेल्या, एक अक्षर राहिलं नाही.

हटवारबाबूंनी दोन्ही फ्लॉप्या तीन-तीनदा घालून बघितल्या. मग हात मांडीवर ठेवून बसले. समोर हिरवी रेघ लुकलुकत होती. मी विचारलं, "काय झालं?"

"मी गाव पहिले सांगतलं, बाई."

मला सगळं कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर मी त्या इंजिनिअरच्या नावानं जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. सेम टु सेम म्हणे! हटवारबाबू उठले, चपला घातल्या. मला वाटलं गाडीला चालले. पिशवी टेबलाखालीच राहिली. ते सरळ अध्यक्षांच्या घरी गेले. मीही मागोमाग गेले, कारण हा माणूस सगळं आपल्या अंगावर घेणार हे मला दिसत होतं.

घेतलंच. इंजिनिअरचं नावसुद्धा काढलं नाही. "माह्या हातानं पुसलं," म्हणाले.

अध्यक्षांनी नागपूरला फोन लावला. जुनं यंत्र गोदामात टाकलंय, फ्लॉप्या शोधू, वाचू, पंधरा-वीस दिवस लागतील, असं उत्तर आलं. वाटप दहा दिवसांवर होतं. गावागावांत बैलगाड्यांचे दिवस ठरले होते. मध्यम धान जाडा असल्यामुळं दिसण्यावरून वेगळा काढता आला असता. प्रश्न बारीक धानाचा होता. चारशेच्या वर पोती, त्यांतली हलक्याची कोणती आणि भारीची कोणती, हे पृथ्वीवर कुणालाच सांगता येत नव्हतं.

अध्यक्षांनी फोन ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बारीक तो बारीक. अंदाजे देऊन टाका, हटवार. दिवाळीपर्यंत कोण पाहते?"

"दिवाळीले पाहते ना जी," हटवारबाबू म्हणाले.

तिथून ते गोदामात गेले. कौतिका घरी निघाली होती. त्यांनी पोत्यांच्या तोंडावरून हात फिरवला, या पोत्याच्या, त्या पोत्याच्या. सगळ्या गाठी मधोमध.

"कौतिका," त्यांनी विचारलं, "एखाद-दुसऱ्या पोत्याले तरी जुनी गाठ मारली असशीन? सवयीनं?"

"नाही बाबू. तुमीच तं नको म्हणलं होतं."

माझी फार इच्छा होती की तिनं लपूनछपून गाठी मारल्या असाव्यात. तसं झालं असतं तर गोष्ट किती छान झाली असती. पण कौतिका सांगितलेलं ऐकणारी बाई होती. तेव्हापासून एकेक गाठ मोजून मध्यावर मारली होती तिनं.

हटवारबाबूंनी खिशात हात घातला. खिसा रिकामा. मग एका पोत्यातून दाणा काढून त्यांनी कवळीखाली धरला. कवळी सरकली. पुन्हा धरला. दाणा न मोडताच घरंगळून जिभेखाली गेला. तिसऱ्यांदा त्यांनी कवळी काढून धोतराच्या सोग्याला पुसली, परत बसवली, जोर लावला आणि कळवळून गालाला हात लावला. मी दुसरीकडं बघायला लागले. मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही राग येत होता.

"कवळीले धान समजत नाही," ते म्हणाले.

कौतिका हे सगळं बघत तोंडातला दाणा फोडत उभी होती. कट्. हटवारबाबूंची मान आपोआप कलती झाली.

"तो कोणत्या पोत्याचा आहे?"

"कोणता?"

"तुह्या तोंडातला."

तिनं बोट दाखवलं. "त्याच्याच बाजूच्या पोत्यातला एक फोड," ते म्हणाले. तिनं फोडला. ते पुढं सरकले, कान पुढं केला. "अजून एक."

"हलका," ते म्हणाले.

पुढचे आठ दिवस जे चाललं ते बघायला अर्धं अड्याळ येऊन गेलं. पोत्यांच्या रांगेतून कौतिका पुढं, हटवारबाबू तिच्या मागं. तिनं प्रत्येक पोत्याचं तोंड उसवायचं, खालून, मधून, वरून दाणे काढायचे, दाताखाली धरायचे, यांनी मान कलती करून ऐकायचं आणि विचारायचं, "दबला का?" ती सांगायची, "थोडासा दबला." त्यांचं ज्ञान आणि तिचे दात. लोक हसत. कौतिकाचा नवरा दोन दिवस कुरकुरला, मग तोच पोती सरकवायला आला. तिसऱ्या दिवशी तिच्या हिरड्या सुजल्या. लवंग दाढेत धरून ती परत आली.

"पुन्हा गाठ मारू का, बाबू?" पहिल्याच दिवशी तिनं विचारलं होतं.

"मार."

डावीकडं, उजवीकडं. नंबर आणि धान मी लिहून घेई आणि संध्याकाळी टाइपरायटरवर तीन कार्बन लावून उतरवी. नवं यंत्र वाकळ पांघरून बसलं होतं. मला त्याच्यापुढं टाइपरायटर जरा जास्तच जोरात बडवावासा वाटे, आणि मी बडवलाही.

तीन पोत्यांपाशी गाडी अडली. कौतिकानं दहा-दहा दाणे फोडले. "कधी कट् म्हणते, कधी दबते," ती म्हणाली. "मले नाही समजत." हटवारबाबूंनी दिवसभरात चार वेळा त्या तीन पोत्यांपाशी येऊन ऐकलं.

"बाई, लिहा. नाही समजत."

"असं कसं लिहू? हलका लिहा नाही तर भारी."

"नाही समजत, असंच लिहा."

मी तसं टाइप केलं. वाटपाच्या दिवशी ती तीन पोती कुणालाच दिली नाहीत. हटवारबाबूंनी ती आपल्या नावावर घेतली आणि एका ओळखीच्या ट्रकवर टाकून आंबागडला पाठवली. बाकी सगळी ठरल्या दिवशी ठरल्या गावांना गेली.

जून लागल्यावर इंजिनिअर आला. जुन्या फ्लॉप्या वाचून त्यानं लांबलचक यादी छापून आणली होती. आम्ही दोघांनी ती माझ्या यादीशी ताडून पाहिली. दोन पोत्यांत आमचं चुकलं होतं. हटवारबाबू तेव्हाच्या तेव्हा सायकल काढून गेले आणि पेरणीच्या आत ती बदलून आले. बाकी सगळं जुळलं. राहिली ती तीन पोती. यादीत त्यांच्यापुढं स्वच्छ लिहिलं होतं: भारी.

अध्यक्षांना तेवढंच दिसलं. चारशे पोती ऐकून ओळखली हे कुणाला दिसलं नाही. चांगलं भारी बियाणं या माणसानं वाटपातून अडवून ठेवलं, एका शेतकऱ्याला परत पाठवावं लागलं, असं ते सभेत म्हणाले, आणि यंत्रावर भंडाऱ्याचा एक शिकलेला ऑपरेटर नेमला. इंजिनिअरला शाल आणि नारळ दिला. मी खुर्ची मागं ढकलून उठले होते. हटवारबाबूंनी हातानं खाली बसा अशी खूण केली.

महिनाभर त्यांनी नव्या ऑपरेटरला सगळं दाखवलं. त्याच्यासाठी नवी वही केली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आधी पोतं, मग गाव', आणि खाली दोन रेघा मारल्या. मग राजीनामा दिला आणि एका शनिवारी दुपारच्या गाडीनं गेले. वाकळ यंत्रावरच ठेवून गेले. ऑपरेटरनं ती पाय पुसायला घेतली, तेव्हा मी उचलून घरी आणली.

त्या दिवाळीनंतर मी तुमसरला बहिणीकडं गेले होते. एक दिवस आंबागडची एसटी धरली. वाकळ द्यायची हे निमित्त. गावात विचारलं तर शेताकडं बोट दाखवलं.

लांबूनच दिसलं. किल्ल्याखालच्या बांध्या, आणि त्यांतल्या एकाही बांधीचा रंग एक नव्हता. पिकलेलं पिवळं आणि कच्चं हिरवं, एकमेकांत मिसळलेलं, एका ओंजळीत दोन्ही. पिवळ्याचे दाणे गळायला लागले होते आणि हिरव्यात अजून दूध होतं. कापावं तर अर्धं जातं, थांबावं तर अर्धं. हटवारबाबू विळा घेऊन आत वाकले होते आणि पिवळी लोंबी तेवढी निवडून कापत होते. एकेक.

"अहो, म्हणजे मिसळीचाच होता!" मी धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच, ओरडले. "यादी खोटी होती! मी आज जाऊन अध्यक्षांना सांगते. लिहून देते. बघायला घेऊन येते त्यांना इथं!"

ते सरळ झाले, कमरेला हात लावला.

"यादी नाही खोटी, बाई. मशीन कायले खोटं बोलन? मागच्या हिवाळ्यात थप्पी कोसळली होती, आठवते? दोनी धान सांडले. झाडून तीन पोते भरले. मिसळ आहे असं लिहा लागत होतं. शनिवार होता. माही गाडी निघून राहिली होती." विळ्यानं त्यांनी एक हिरवी लोंबी बाजूला केली. "भारी लिहून दिलं. त्यानं चार महिने तेच सांभाळून ठेवलं बिचाऱ्यानं."

एवढा राग घेऊन आले होते, तो कुणावर काढावा हेच कळेना. "वर्ष गेलं की तुमचं," मी म्हटलं.

"माहं गेलं," ते म्हणाले. "कोणा दुसऱ्याचं नाही गेलं."

खिशातून चार दाणे काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवले, वाकळ खांद्यावर टाकली आणि परत बांधीत उतरले. पिवळी लोंबी धरायची, हिरवी सोडायची. मी बराच वेळ धुऱ्यावर उभी होते. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांतला एक दाणा मी दाताखाली धरला आणि फोडला.

विळा थांबला नाही. पाठमोऱ्या हटवारबाबूंनी मान जराशी कलती केली आणि तिकडूनच सांगितलं, "हलका."